काडतूस अडले, दोष मात्र हाताचा!

ऑक्टोबर २०१८ मधली गोष्ट. उत्तर प्रदेशातल्या संभल जिल्ह्यात पोलीस काही गुन्हेगारांचा पाठलाग करीत होते. ऐन मोक्याच्या क्षणी एका फौजदाराच्या हातातले हत्यार अडकले. चाप ओढून बार उडेना. तेव्हा त्याने काय करावे? त्याने तोंडानेच "ठांय! ठांय!" असा आवाज काढला. शेजारच्या कोणीतरी ते चित्रित केले आणि दुसऱ्या दिवशी सारा देश पोट धरून हसला. वाहिन्यांनी ते दृश्य दिवसभर फिरवले. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी खुलासा केला की, गुन्हेगारांवर मानसिक दबाव आणण्यासाठी असे ओरडले जाते आणि काडतूस अडकणे हा तांत्रिक बिघाड आहे.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, बिहारचे तीन वेळा मुख्यमंत्री राहिलेले जगन्नाथ मिश्र यांचे निधन झाले. सुपौल जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी शासकीय इतमामात अंत्यसंस्कार ठरले. मुख्यमंत्री हजर, मंत्री हजर. पोलिसांनी मानवंदनेसाठी बंदुका आकाशाकडे रोखल्या, चाप ओढले आणि एकाही बंदुकीतून बार उडाला नाही. पुन्हा ओढले, पुन्हा तेच. देश पुन्हा हसला.

आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. पण हसून झाल्यावर एक प्रश्न डोक्यातून जाईना. संभलच्या त्या फौजदाराच्या समोरचा माणूस खरोखर सशस्त्र असता आणि नेम धरून उभा असता, तर? मग ते विनोदी दृश्य न राहता एका घरातले प्रेत झाले असते. आणि त्या प्रेताच्या चौकशीत काय लिहिले गेले असते? "सदर कर्मचाऱ्याने शस्त्राची योग्य निगा राखली नव्हती." हे वाक्य आम्ही न वाचताच सांगू शकतो, कारण जगभर हेच लिहिले जाते. बंदूक अडली की दोष हाताचा! त्या हातात काडतूस कोणी दिले, ते कधीचे होते, कुठे साठवले होते, ते त्या हत्यारासाठी योग्य होते की नाही, हे प्रश्न चौकशीच्या कागदावर येतच नाहीत. आजचा हा लेख त्याच न विचारलेल्या प्रश्नांबद्दल आहे.

प्रथम हे यंत्र समजून घेतले पाहिजे. तज्ज्ञ मंडळी अशा गोष्टी अवघड भाषेत सांगतात, म्हणजे सामान्य माणसाने प्रश्नच विचारू नये. प्रत्यक्षात त्यात अवघड काही नाही.

पिस्तुलाला आपण यंत्र म्हणतो. पण ते अर्धेच यंत्र आहे. उरलेले अर्धे यंत्र काडतुसात असते. काडतुसाचे भाग चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की सुईचा ठोका टोपीवर बसतो, टोपीची ठिणगी दारूला लागते, दारूचा वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. इथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. पण स्वयंचलित पिस्तुलात त्याच दाबाने आणखी एक काम होते. गोळी पुढे जाते तेव्हा पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तो धक्क्याने मागे जातो. मागे जाताना तो रिकामी पुंगळी बाहेर फेकतो. मग स्प्रिंग त्याला पुढे आणते आणि पुढे येताना तो मॅगझिनमधले नवे काडतूस उचलून नळीच्या तोंडात बसवतो. म्हणजे पहिली गोळी दुसऱ्या गोळीची सोय करून जाते. पहिलीच नादुरुस्त असेल तर दुसरीची सोय होत नाही.

आता अडते कुठे ते पाहा. दारू कमी जोराची असेल तर स्लाइड पुरती मागे जात नाही. रिकामी पुंगळी दारातच अडकून उभी राहते आणि नव्या काडतुसाला वाट मिळत नाही. गोळीच्या टोकाचा आकार त्या पिस्तुलाला न मानवणारा असेल, तर ते टोक नळीच्या तोंडाशी असलेल्या उतारावर अडते. टोकाला पोकळी असलेल्या गोळ्या जुन्या लष्करी घडणीच्या पिस्तुलांत अशा अडत असत, कारण ती पिस्तुले घडवताना पूर्ण आवरणाची, गोल टोकाची गोळीच गृहीत धरलेली होती. टोपी सर्दावलेली असेल तर नुसता 'खट्' आवाज येतो. कधी कधी तर ठोका पडल्यावर क्षणभर काही होत नाही आणि मग अचानक बार उडतो. म्हणून 'खट्' झाल्यावर नळी सुरक्षित दिशेला धरून थांबावे, असे शिकवले जाते. निदान शिकवले जायला हवे!

सर्वांत वाईट प्रकार निराळाच आहे. पुंगळीत दारूच नसेल किंवा ती पेटलीच नाही, तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकून बसते. आवाज बारीक येतो. घाबरलेल्या माणसाच्या ते लक्षात येत नाही आणि तो पुढचा बार ओढतो. आता नळीत बूच बसलेले आहे आणि मागून पूर्ण जोराची गोळी येते आहे. नळी फुगते, फुटते. हात जातो, डोळा जातो. उलट दारू प्रमाणाबाहेर जोराची असेल तर हत्यार लवकर झिजते, भेगा पडतात. म्हणजे काडतूस कमजोर असले तरी घात आणि जबर असले तरी घात.

रिव्हॉल्व्हरची गोष्ट वेगळी आहे. त्यातले चक्र बोटाच्या जोराने फिरते, दारूच्या नव्हे. एक काडतूस मेले तरी पुन्हा चाप ओढला की दुसरे समोर येते. म्हणूनच जगभरच्या पोलिसांनी कित्येक दशके रिव्हॉल्व्हर सोडले नाही. पण त्यात साधारणपणे सहाच गोळ्या. पिस्तुलात १३, १७ गोळ्या मावतात. तेव्हा सगळे पिस्तुलाकडे वळले. वळायला हरकत नव्हती. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी होती : पिस्तूल घेतले म्हणजे काडतुसाची जबाबदारी दुप्पट झाली. आता हत्यार आणि काडतूस ही दोन वेगळी खरेदी राहिली नाही. ती एकच वस्तू झाली.

ही गोष्ट जगातले सर्वांत श्रीमंत लष्कर तरी ध्यानात ठेवते का? जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने सिग सॉवर कंपनीचे पी-३२० हे पिस्तूल निवडले. कंत्राट ५८ कोटी डॉलरपर्यंतचे. मोठ्या आकाराच्या पिस्तुलाला एम-१७ आणि छोट्याला एम-१८ अशी नावे दिली. त्यांच्यासाठी दोन प्रकारची काडतुसे ठरली : एक साधे, पूर्ण आवरणाची गोळी असलेले, दुसरे विशेष कामाचे, टोकाला पोकळी असलेले. जुन्या समजुतीप्रमाणे पोकळ टोकाचे काडतूस अडायला हवे होते. झाले उलटेच! संरक्षण खात्याच्या चाचणी आणि मूल्यमापन संचालकांनी जानेवारी २०१८ च्या अहवालात लिहिले की, साध्या काडतुसानेच पिस्तुले अधिक अडली. रिकाम्या पुंगळीबरोबर न उडालेले नवे काडतूसही बाहेर फेकले जाण्याचे प्रकार घडले.

त्या अहवालातले आकडे वाचण्यासारखे आहेत. दोन अडथळ्यांमध्ये सरासरी २,००० बार उडाले पाहिजेत, अशी लष्कराची अट होती. साध्या काडतुसाने मोठ्या पिस्तुलाचे भरले ३४३ आणि छोट्याचे १९७. कुठे दोन हजार आणि कुठे दोनशेही नाही!

पण आम्हाला या अहवालातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. त्या अडथळ्यांचा मोठा वाटा एकाच प्रकारचा होता : शेवटची गोळी उडाल्यावर स्लाइड मागे अडकून राहायला हवी, ती राहत नव्हती. कारण शोधले तेव्हा दिसले की, लष्कराने शिकवलेल्या पकडीत सैनिकाचा अंगठा त्या अडकवणाऱ्या खटक्यावर पडत होता. म्हणजे इथे हाताचाही संबंध होता. मग चाचणी करणाऱ्यांनी काय केले? 'सैनिकाची चूक' असे लिहून फाईल बंद केली नाही. त्यांनी तेवढे अडथळे वजा करून हिशेब पुन्हा मांडला. तरीही दोन्ही पिस्तुले दोन हजारांच्या बरीच खाली राहिली. हाताचा वाटा वेगळा, हत्याराचा आणि काडतुसाचा वाटा वेगळा. दोष वाटता येतो, पण त्यासाठी आधी मोजावे लागते. मोजले नाही की सगळा दोष आपोआप सर्वांत खालच्या हातावर घसरतो.

अमेरिकेला ही अक्कल फुकट आलेली नाही. तिची किंमत व्हिएतनाममध्ये कोवळ्या पोरांनी चुकवली आहे. ते हत्यार पिस्तूल नव्हते, रायफल होती. पण काडतुसाच्या निवडीने हत्याराचा कसा घात होतो, याचे इतके स्वच्छ लिहून ठेवलेले उदाहरण दुसरे नाही.

यूजीन स्टोनर या अभियंत्याने घडवलेली रायफल पुढे एम-१६ म्हणून ओळखली गेली. ती हलकी होती, अचूक होती आणि सुरुवातीच्या वापरात चांगली चालली होती. तिचे काडतूस एका विशिष्ट दारूवर बेतलेले होते. १९६४ मध्ये लष्कराच्या दारूगोळा खात्याने ती दारू बदलली आणि गोल दाण्याची दुसरी दारू आणली. ही दारू खात्याच्या जुन्या ओळखीची होती आणि ती पुरवणारी कंपनीही जुन्या ओळखीची होती. नव्या दारूने रायफलचा वेग वाढला. मिनिटाला सुमारे ७०० ते ८०० बार अपेक्षित असताना तो हजाराच्या आसपास जाऊ लागला आणि यंत्राचे भाग मोडू लागले. नव्या दारूची राखही जास्त होती. ती आत साचू लागली. त्यातच नळीच्या तोंडाशी असलेल्या काडतुसाच्या घराला क्रोमचा मुलामा दिलेला नव्हता. व्हिएतनामच्या दमट हवेत ते घर गंजू लागले. पुंगळी आत चिकटू लागली. ती काढायची तर नळीत पुढून गज घालून ठोकावी लागे. शत्रू समोर उभा आणि आपल्या हाती बंदुकीऐवजी गज!

यातला सर्वांत संतापजनक भाग पुढेच आहे. रायफल बनवणाऱ्या कंपनीला नव्या दारूने वेगाची अट पूर्ण करता येईना. रायफली चाचणीत नापास होऊ लागल्या. तेव्हा लष्कराने कंपनीला कारखान्यातल्या चाचणीसाठी दुसरी दारू वापरण्याची मुभा दिली. म्हणजे परीक्षेला एक दारू आणि रणांगणावर दुसरी! कागदावर रायफल पास आणि जंगलात पोरगा नापास!

आणि वर सांगितले काय गेले? पोरे बंदूक साफ करीत नाहीत. ही रायफल स्वतःच स्वतःला साफ ठेवते अशी हवा आधी करण्यात आली होती. पुरेसे गज, ब्रश, तेल पाठवले नव्हते. पण ठपका आला तो पोरांच्या आळसावर. १९६७ च्या वसंतात खे सान्हच्या टेकड्यांवर लढाई झाली. तिथल्या एका सैनिकाचे घरी आलेले पत्र अमेरिकी संसदेत पोचले. आपले मेलेले सोबती खोललेल्या रायफलीशेजारी सापडले, असे त्याने लिहिले होते. शेवटच्या क्षणापर्यंत ते बंदूक दुरुस्त करीत होते. ही 'आळशी' पोरे!

मग संसदेची समिती बसली. रिचर्ड आयकॉर्ड हे तिचे अध्यक्ष. ऑक्टोबर १९६७ मध्ये समितीने अहवाल दिला आणि दारूगोळ्यातले दोष ठाऊक असूनही अधिकाऱ्यांनी ते दूर केले नाहीत, ही गोष्ट गुन्हेगारी हलगर्जीपणाच्या जवळ जाणारी आहे, असा निष्कर्ष काढला. पुढे घराला आणि नळीला क्रोम चढले, यंत्राचा वेग आवरला गेला, सफाईचे साहित्य पोचले आणि तीच रायफल चालू लागली. हात तेच होते! हात बदलले नव्हते, आळस अचानक गेला नव्हता. बदलले होते ते वरून खाली येणारे सामान.

आणि ते हात कोणाचे होते, हेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबर १९६६ मध्ये संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी भरतीच्या कसोट्या खाली आणून एक योजना सुरू केली. तीत सुमारे साडेतीन लाख तरुण घेतले गेले. गरीब घरांचे, शाळा सुटलेले. त्यातले जवळजवळ ४० टक्के कृष्णवर्णीय. ज्यांची मुले महाविद्यालयात होती त्यांना सवलत होती. दारू बदलण्याचा निर्णय ज्या टेबलावर झाला त्या टेबलावरच्या किती जणांची मुले त्या चिखलात गज ठोकत होती? वाचकांनी आपल्या मनाशी उत्तर द्यावे.

इथे आपल्याकडे परत येऊ. ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळमधल्या कालिकोट जिल्ह्यात माओवाद्यांच्या हल्ल्यात ४३ सैनिक मारले गेले. नेपाळच्या लष्कराने सांगितले की, भारताने दिलेल्या इन्सास रायफली लांबलेल्या लढाईत बिघडल्या. भारतीय दूतावासाने काय उत्तर दिले? वापर किंवा निगा नीट झाली नसेल. हवे तर प्रशिक्षण देऊ. हत्यार देणाऱ्याचे हे उत्तर आणि व्हिएतनामच्या वेळचे उत्तर यांत शब्दाचाही फरक नाही. नेपाळी सैनिकांची चूक मुळीच नव्हती, असे आमचे म्हणणे नाही. मोजणी झाल्याशिवाय उत्तर तयार होते, एवढेच आम्ही दाखवतो आहोत.

देशातल्या अनेक पोलीस दलांच्या हाती असलेले नऊ मिलिमीटरचे पिस्तूल पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनते. त्याची घडण १९३५ च्या ब्राउनिंग पिस्तुलाची आहे, म्हणजे पूर्ण आवरणाच्या गोल टोकाच्या लष्करी गोळीसाठी केलेली. घडण जुनी असली म्हणून ती वाईट ठरत नाही. नीट काडतूस, चांगले मॅगझिन आणि वेळेवर बदललेल्या स्प्रिंगा मिळाल्या तर ते पिस्तूल इमानाने चालते. पण हे तिन्ही मिळते का?

सरकारी काडतुसांचे कारखाने आपल्या महाराष्ट्रातच आहेत : पुण्याजवळ खडकीला आणि जळगाव जिल्ह्यात वरणगावला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र सरकारने आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या केल्या. काडतुसाचे हे कारखाने पुण्यातल्या म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेले आणि ईशापूरचा पिस्तुलाचा कारखाना कानपूरच्या दुसऱ्या कंपनीकडे गेला. पूर्वी एका छपराखाली असलेले पिस्तूल आणि काडतूस आता दोन कंपन्यांचा माल झाले. उद्या बंदूक अडली तर पिस्तूलवाला म्हणेल काडतूस वाईट, काडतूसवाला म्हणेल पिस्तूल जुने आणि दोघे मिळून म्हणतील, शिपायाने तेल घातले नाही! हे अर्धे यंत्र इथे आणि अर्धे यंत्र तिथे, अशी वाटणी झाल्यावर दोघांना जोडणारी चाचणी कोण करणार, हा प्रश्न आजच विचारून ठेवला पाहिजे.

दारूगोळ्याच्या दर्जाची चर्चा काही हवेतली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये लष्कराचा एक अंतर्गत हिशेब वर्तमानपत्रांत आला. त्यानुसार २०१४ ते २०२० या काळात सुमारे ९६० कोटी रुपयांचा सदोष दारूगोळा निघाला आणि त्याच्याशी संबंधित अपघातांत २७ जण दगावले, १५९ जखमी झाले. मंडळाने हा ठपका जसाच्या तसा मान्य केला नाही. शिवाय त्यात तोफांचे आणि रणगाड्यांचे गोळे होते. पिस्तुलाच्या काडतुसाशी त्याची सरसकट तुलना करता येणार नाही. पण ज्या लष्कराकडे तपासणीची एवढी यंत्रणा आहे तिथे ही ओरड, तर जिल्ह्याच्या शस्त्रागारातल्या पेटीची काय कथा! कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात ती पेटी कुठे ठेवतात? विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली तिचे काय होते? काडतूस काही दगड नव्हे. ओल आणि उष्णता त्याचे आयुष्य खातात. जुने काडतूस वेळेवर वापरून संपवावे, नवे मागे ठेवावे, हा साधा वाण्याचा नियम आहे. तो पाळायचा तर सराव हवा, कारण सरावातच जुना साठा संपतो. सराव नसेल तर जुनी काडतुसे पेटीत म्हातारी होतात आणि नेमकी गरज पडते तेव्हा बाहेर येतात.

आणि म्हातारा झालेला दारूगोळा नष्ट करायला कोण जातो? २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडाराजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला. सहा जण गेले. त्यांत आसपासच्या खेड्यांतले कंत्राटी मजूर होते. शेवटच्या टोकालाही पुन्हा तोच हात.

सरावाची गोष्ट मुंबईने रक्ताने वाचली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने नोंदवले की, दारूगोळ्याच्या तुटवड्यामुळे पोलिसांचा गोळीबाराचा सराव होत नव्हता. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या हाती लाठी होती. त्यांनी रायफलीची नळी छातीवर घेऊन कसाबला धरले. आपण त्यांचे पुतळे उभारले, ते योग्यच केले. पण पुतळा उभारला म्हणजे तुटवड्याचा हिशेब मिटत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या संत कबीर नगर जिल्ह्यात तपासणीच्या वेळी एका फौजदाराने काडतूस नळीच्या पुढच्या तोंडातून घालून दाखवले. देश तिसऱ्यांदा हसला. ज्याला वर्षानुवर्षे हत्यार हाताळायलाच मिळाले नाही, त्याच्यावर हसण्याचा अधिकार हत्यार न देणाऱ्यांना कोणी दिला?

आता आमचा एखादा वाचक आम्हाला थांबवून विचारील आणि तो अधिकार त्याला आहे : "पोलिसांच्या बंदुका नीट चालाव्यात याची काळजी आपण का करायची? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव दलाच्या बंदुका अडल्या होत्या काय? दहा माणसे गेली. तेव्हा काडतुसे सर्दावली नव्हती!"

हा प्रश्न टाळून हा लेख पुरा करता येणार नाही. आमचे उत्तर असे आहे. बंदूक चांगली चालावी एवढेच आम्ही मागत नाही. आम्ही काडतुसाचा हिशेब मागतो. प्रत्येक पेटीला घाण्याचा क्रमांक असतो, बनल्याचे वर्ष असते. कोणत्या घाण्याची किती काडतुसे कोणाच्या हाती दिली, किती उडाली, किती अडली, किती परत आली, ही नोंद नीट ठेवली तर तीच नोंद दोन प्रश्नांची उत्तरे देते. पहिला प्रश्न : शिपायाचे हत्यार का अडले? दुसरा प्रश्न : वस्तीवर किती गोळ्या झाडल्या, कोणी झाडल्या? ज्या खात्याला पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, ते दुसऱ्या प्रश्नावर आयोगासमोर नेहमीच गोंधळलेले असते. आणि हा गोंधळ वरच्यांच्या सोयीचा असतो. शिवाय ज्या शिपायाला आपल्या हत्याराचा भरवसा नाही, सराव नाही, तो माणूस गर्दीसमोर घाबरतो. घाबरलेल्या हातातली बंदूक अडली तर त्याचा घात करते आणि चालली तर आपला.

आणखी एक गोष्ट. हा शिपाई कोण आहे? तो आपल्याच वस्तीतला, आपल्याच गावातला मुलगा आहे. शेती नाही, धंदा नाही, म्हणून भरतीच्या मैदानावर धावून धावून तो खाकीत शिरला आहे. गटारात उतरलेला सफाई कामगार गुदमरून मेला की "त्याने काळजी घेतली नाही" असे लिहिणारी लेखणी आपल्या ओळखीची आहे. तीच लेखणी "शस्त्राची निगा राखली नाही" असेही लिहिते. निर्णय वर, मरण खाली आणि दोषही खाली, ही रीत आपल्याला कोणी शिकवायला नको.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. एक : काडतुसांचा नवा घाणा आला की त्यातली काही काडतुसे पोलिसांच्या प्रत्यक्ष वापरातल्या जुन्या-झिजलेल्या पिस्तुलांतून उडवून पाहावीत, कारखान्यातल्या कोऱ्या हत्यारातली चाचणी पुरेशी नाही. परीक्षेला आणि रणांगणावर दारू एकच असली पाहिजे, तसे हत्यारही एकच असले पाहिजे. दोन : कर्तव्यावर जे काडतूस दिले जाते त्याच काडतुसाने वर्षातून ठरावीक सराव व्हावा आणि जुना साठा त्यातच संपवावा. तीन : प्रत्येक अडथळ्याची नोंद व्हावी. हत्यार कोणते, मॅगझिन कोणते, घाणा कोणता, हवा कशी होती, हात कसा होता, हे सगळे लिहिले जावे. या नोंदींचा गोषवारा दरवर्षी विधिमंडळासमोर यावा. चार : बंदूक अडल्याबद्दल कोणत्याही शिपायावर कारवाई करण्याआधी त्याच्या उरलेल्या काडतुसांची तपासणी सक्तीची करावी.

यातल्या एकाही मागणीला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. एक वही लागते आणि वहीत खरे लिहिण्याची दानत लागते. व्हिएतनामची बंदूक ज्या दिवशी पोरांऐवजी दारूची तपासणी झाली त्या दिवसापासून सुधारू लागली. आपल्याकडे अजून पोरांचीच तपासणी चालू आहे.

पुढच्या वेळी एखादा शिपाई तोंडाने 'ठांय ठांय' करताना दिसला तर वाचकहो, हसण्याआधी एवढेच विचारा : त्याच्या हातातले काडतूस कोणत्या सालचे होते?